दोन्ही बाजू सारख्या, तरी समीकरण चूक: एका उत्तरपत्रिकेचं प्रकरण

आठवीतली एक विद्यार्थिनी. गणितात तल्लख, वही नीटनेटकी. रासायनिक समीकरणं संतुलित करण्याच्या स्वाध्यायात तिची एकही चूक नव्हती. चाचणीत मात्र याच धड्यावरच्या एका प्रश्नात तिला शून्य मिळालं. वाक्यावरून संतुलित समीकरण लिहायचं, एवढाच प्रश्न होता. वाक्यं तीन होती: हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून पाणी तयार होतं, अ‍ॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांच्यापासून अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड तयार होतं, आणि मिथेन हवेत जळतो.

तिची उत्तरं पुढे देतो. सूत्रं इथे आपण तोंडाने म्हणतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. वहीत ती अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहायची.

एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂

एएल₂ + ओ₃ → एएल₂ओ₃

सीएच₄ + ओ₂ → सीओ₂ + एच₄

अणू मोजून बघा. पहिल्यात दोन्हीकडे हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २. दुसऱ्यात अ‍ॅल्युमिनिअमचे २, ऑक्सिजनचे ३. तिसऱ्यात कार्बन १, हायड्रोजन ४, ऑक्सिजन २. मोजणीत कुठे बोट ठेवायला जागा नाही. पेपर हातात पडल्यावर ती म्हणाली, "सर, दोन्हीकडे सारखं आहे की! मग चूक काय?"

प्रश्न रास्त होता. ‘दोन्ही बाजूंच्या अणूंची संख्या सारखी करा’ एवढाच नियम तिला वर्गात मिळाला होता आणि तिने तो तंतोतंत पाळला होता. अशा उत्तरावर लाल शाईने ‘सूत्र चूक’ लिहून पान उलटणं सोपं असतं. पण त्यातून मुलीला काहीच कळत नाही, कारण तिच्या लेखी सूत्र हीच बदलायची गोष्ट होती.

स्वाध्यायात हे का दिसलं नाही

तिची जुनी वही पुन्हा चाळली तेव्हा उलगडा झाला. स्वाध्यायातल्या प्रत्येक समीकरणात सूत्रं छापलेली होती आणि प्रत्येक सूत्राच्या आधी एक रिकामी चौकट होती. आकडा भरायला दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे आकडा पुढे लिहायचा की खाली, हा निर्णय तिला एकदाही घ्यावा लागला नव्हता. तो पुस्तकाने परस्पर घेतला होता. वाक्यावरून समीकरण लिहिताना पहिल्यांदाच कोरा कागद समोर आला आणि जिथे सोयीचं वाटलं तिथे आकडा बसला.

चौकटींचे स्वाध्याय वाईट नाहीत. मोजणीचा हात बसायला ते लागतातच. पण ते सगळे बरोबर आले म्हणजे मुलाला समीकरण समजलं, असं धरून चालू नये.

तिन्ही उत्तरांबद्दल मी एकच विचारलं, "हे इथपर्यंत कसं आलं ते सांग." तिने सांगितलं त्यातून दिसलं, की चुका तीन आहेत आणि त्या एकाच जातीच्या नाहीत.

पाण्याच्या बाबतीत तिला एच₂ओ हे सूत्र माहीत होतं. आधी तिने तेच लिहिलं होतं. मग उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडला, म्हणून ‘ओ’च्या खाली २ आला. अ‍ॅल्युमिनिअमच्या बाबतीत तिने उत्पादित बरोबर काढलं होतं: संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) ३ आणि २, तिरकस गुणाकार (एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली), एएल₂ओ₃. नंतर तेच सूत्र मधोमध तोडून दोन तुकडे डावीकडे मांडले. संयुगातला खालचा आकडा मूलद्रव्याला कायमचा चिकटलेला असतो, अशी तिची समजूत होती. ओ₃ म्हणजे ओझोन, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मिथेनच्या बाबतीत, जळल्यावर कार्बन डायऑक्साइड होतो हे तिला पाठ होतं. तो लिहिल्यावर हायड्रोजनचे चार अणू उरले, ते तिने एच₄ म्हणून शेजारी मांडले.

माझ्या मते यातली तिसरी चूक सर्वांत खोल आहे. पहिल्या दोन चुका लिहिण्याच्या रीतीतल्या आहेत. तिसरीत मात्र ‘काय तयार होतं’ हा प्रश्नच शिल्लक अणूंच्या हिशेबावर सोडलेला आहे. काय तयार होतं हे अभिक्रिया घडताना बघून, तपासून कळतं. बेरीज-वजाबाकीतून ते निघत नाही.

चित्र काढायला सांगितलं तेव्हा

आकड्यांमागे तिच्या डोळ्यांसमोर नक्की काय आहे ते बघायचं होतं. मी कागदावर ३एच₂ लिहिलं आणि म्हटलं, "एक गोळा म्हणजे एक अणू. याचं चित्र काढ." तिने सहा गोळे एकमेकांना चिकटवून एक माळ काढली. २एच₂ओ ला चार लहान आणि दोन मोठे गोळे, सगळे एका घोळक्यात. २एच₂ आणि एच₄ यांत फरक काय, असं विचारल्यावर म्हणाली, "काहीच नाही. चारच ना!"

गाठ इथे होती. तिच्यासाठी पुढचा आकडा आणि खालचा आकडा दोघांचं काम एकच होतं: गुणाकार करून एकूण संख्या देणं. एकूण बरोबर आली की विषय संपला. दोन सायकली म्हणजे चार चाकं हे खरं, पण चार चाकांचं एक वाहन म्हणजे दोन सायकली नव्हेत, एवढं सांगितल्यावर ती हसली आणि ‘हं’ म्हणाली. तसं ‘हं’ मुलं बऱ्याच गोष्टींना म्हणतात, त्यावर विसंबून चालत नाही.

आपण समीकरण वाचतो कसं, याचाही यात हात आहे. ‘टू एच टू प्लस ओ टू’ असं घडाघडा म्हटलं की कानाला दोन्ही ‘टू’ सारखेच लागतात. म्हणून त्या दिवसापासून तिच्याकडून समीकरण पूर्ण वाक्यात वाचून घ्यायला लागलो: हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांच्यापासून पाण्याचे दोन रेणू. वेळ लागतो, पण असं वाचताना एच₄ तोंडात अडकतो. ‘हायड्रोजनचा चार अणूंचा एक रेणू’ म्हणताना ती स्वतःच थबकली.

चकत्या आणि चिकटपट्टी

पुढच्या तासिकांना पुठ्ठ्याच्या चकत्या घेतल्या. पांढऱ्या हायड्रोजनच्या, लाल ऑक्सिजनच्या, काळ्या कार्बनच्या. रेणूतले अणू चिकटपट्टीने जोडलेले. नियम दोनच. डब्यातून एकटी चकती उचलायची नाही, आख्खा रेणू उचलायचा. आणि काम संपल्यावर टेबलावर एकही सुटी चकती उरता कामा नये.

तिने हायड्रोजनचा एक जोड आणि ऑक्सिजनचा एक जोड घेतला. पट्ट्या सोडवल्या, पाण्याचा एक रेणू बनवला. एक लाल चकती उरली. ती चकती हातात धरून ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने ती पाण्याच्या रेणूलाच चिकटवली. म्हणजे उत्तरपत्रिकेतलं एच₂ओ₂ जसंच्या तसं टेबलावर आलं.

इथे ‘चूक’ म्हणायची गरज नव्हती, कारण तो पदार्थ खरोखर असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं ३ टक्क्यांचं द्रावण एका परीक्षानळीत घेतलं, दुसरीत साधं पाणी. दिसायला दोन्ही सारखीच, रंगहीन. दोन्हींत मँगनीज डायऑक्साइडची चिमूटभर काळी पूड टाकली. पाण्यात ती नुसती तळाशी जाऊन बसली. दुसऱ्या नळीत लगेच बुडबुडे सुटले आणि फेस वर चढायला लागला. टोकाला निखारा असलेली काडी त्या नळीत धरली तशी ती पुन्हा पेटली. तो वायू ऑक्सिजन होता. खालचा एक आकडा बदलल्यावर पदार्थ किती बदलतो हे यापेक्षा नीट सांगता आलं नसतं. (आणि घडलं त्याचं समीकरण, २एच₂ओ₂ → २एच₂ओ + ओ₂, तिला नंतर संतुलित करायला मिळालं ते वेगळंच.)

मग ती परत टेबलाशी आली. लाल चकती पाण्याला लावायची नाही, टाकूनही द्यायची नाही. तिने डब्यातून हायड्रोजनचा आणखी एक जोड उचलला. पाण्याचा दुसरा रेणू झाला, टेबल साफ. किती रेणू घेतले आणि किती बनले, तेवढंच कागदावर उतरवलं:

२एच₂ + ओ₂ → २एच₂ओ

पुढचा आकडा, म्हणजे सहगुणक, हा हाताने उचललेल्या रेणूंची मोजणी आहे हे तिला इथे दिसलं. खालचा आकडा रेणूच्या घडणीचा असतो, तो आपल्या मर्जीवर नाही.

अ‍ॅल्युमिनिअमला चकत्यांची फारशी गरज पडली नाही. डावीकडे काय लिहायचं ते ठरवणं तेवढं महत्त्वाचं होतं. धातूचा एक अणू सुटाच लिहितात: एएल. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही सात मूलद्रव्यं मात्र मोकळी असताना दोन-दोन अणूंच्या रेणूंत असतात. ही यादी पाठच करावी लागते, त्याला इलाज नाही. एकदा डावीकडे एएल आणि ओ₂ आले, की गणित तिच्या हातचा मळ. ऑक्सिजन डावीकडे दोनाच्या पटीत, उजवीकडे तीनाच्या पटीत, लसावि ६. म्हणून ३ओ₂, उजवीकडे २एएल₂ओ₃, आणि मग अ‍ॅल्युमिनिअम ४:

४एएल + ३ओ₂ → २एएल₂ओ₃

मिथेनसाठी मात्र थांबलो. एच₄ खोडून पाणी लिहायला सांगितलं असतं तर तिने ते लिहिलंही असतं आणि पुढच्या ज्वलनाच्या समीकरणात पुन्हा उरलेसुरले अणू मांडले असते. म्हणून इंधन वायूच्या लहान ज्योतीवर एक थंड, कोरडा काचेचा पेला क्षणभर उपडा धरला. आतून धुकं धरलं. दुसऱ्या पेल्यात ज्योतीवरची हवा धरून त्यात चुन्याची निवळी घालून हलवली, ती दुधाळ झाली. म्हणजे पाणीही तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइडही. आता उजवी बाजू ठरली ती बघून ठरली:

सीएच₄ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

कार्बन आधीच जुळला आहे. हायड्रोजन चार, म्हणून पाण्याचे रेणू दोन. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू एकूण चार झाले, म्हणून डावीकडे २ओ₂. ऑक्सिजन शेवटी का घ्यायचा हे तिनेच ओळखलं: तो डावीकडे एकटा आहे, त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कुणाचा तोल बिघडत नाही. ही युक्ती नियम म्हणून फळ्यावर लिहून दिली असती तर तिने ती दोन दिवसांत विसरून टाकली असती.

पुढे इथेन आला, सीटूएचसिक्स, आणि ऑक्सिजनचे अणू उजवीकडे सात झाले. सात हे दोनाच्या पाढ्यात नाहीत. तिने ओ₂ च्या आधी साडेतीन लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. पुष्कळ ठिकाणी मुलांना अपूर्णांक लिहायलाच बंदी असते. माझं मत वेगळं आहे: कच्च्या कामात साडेतीन खुशाल लिहावं. तो हिशेब बरोबरच आहे. डब्यातून अर्धा रेणू उचलता येत नाही म्हणून सगळं दुप्पट करायचं, एवढंच:

२सी₂एच₆ + ७ओ₂ → ४सीओ₂ + ६एच₂ओ

"पण जळल्यावर तर हलकं होतं"

मध्येच तिने एक प्रश्न विचारला, जो खरं तर धड्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता. दोन्ही बाजू सारख्याच का असायला हव्यात? कागद जाळला तर राख हलकी भरते. मग काहीतरी नाहीसं होतं की नाही?

या प्रश्नावर मोठमोठे शास्त्रज्ञ अडखळले आहेत. रॉबर्ट बॉईल यांनी बंद भांड्यात कथील तापवलं, भांडं उघडलं आणि वजन केलं. वजन वाढलेलं दिसलं. १६७३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि आगीतले कण काचेतून आत शिरले असावेत, असा अर्थ लावला. शंभर वर्षांनी, १७७४ मध्ये आंत्वान लॅव्हॉझिए यांनी तोच प्रयोग केला, पण भांडं उघडायच्या आधी वजन केलं. काहीच फरक नव्हता. उघडल्यावर हवा आत घुसली आणि मग वजन वाढलं. धातूने भांड्यातल्या हवेचाच काही भाग घेतला होता आणि ती रिकामी झालेली जागा बाहेरच्या हवेने भरून काढली होती.

हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे कागदाचं उलटं. तिथे वायू बाहेर जातो, इथे आत येतो." मग मॅग्नेशिअमची फीत घेतली. २एमजी + ओ₂ → २एमजीओ. अणुवस्तुमानं मॅग्नेशिअमचं २४, ऑक्सिजनचं १६ धरली, तर ४८ ग्रॅम मॅग्नेशिअम ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ८० ग्रॅम मॅग्नेशिअम ऑक्साइड देतं. राख फितीपेक्षा जड! हे तिला खरंच वाटेना. प्रयोग करायचा तर झाकणाच्या मुशीत करावा, कारण उघड्यावर पांढरा धूर निघून जातो आणि राख हलकी भरते; म्हणजे मुलांचा मूळ गैरसमज उलट पक्काच होतो. जळत्या फितीकडे टक लावून बघू द्यायचं नाही, हेही ओघाने आलंच.

वजनाचा हा हिशेब तिला अणूंच्या मोजणीपेक्षा जास्त पटला. त्यानंतर दोन्ही बाजू सारख्या करणं हा तिच्यासाठी परीक्षेचा नियम राहिला नाही. अणू कुठे जाणार, हा साधा प्रश्न त्यामागे आला.

घरून आलेली बीजगणिताची रीत

या सगळ्यात एक वेगळंच वळण आलं. घरी कुणीतरी तिला बीजगणिताची रीत शिकवली: प्रत्येक सूत्रापुढे एक चल मांडायचं, प्रत्येक मूलद्रव्यासाठी एक समीकरण लिहायचं आणि सोडवायचं. रीत बिनचूक आहे. गणिताची आवड असलेल्या मुलीला ती भुरळ घालणारच. मी हरकत घेतली नाही. फक्त तिचं जुनं तिसरं उत्तर, एच₄ वालं, त्या रीतीने सोडवायला दिलं. चारही चलांची किंमत १ आली. गणिताच्या दृष्टीने उत्तर अगदी योग्य. चुकीची सूत्रं दिली तरी ही रीत निमूटपणे त्यांचा तोल साधून देते, तक्रार करत नाही. ते बघून तिने आपणहून वहीच्या वरच्या कोपऱ्यात क्रम लिहिला: आधी पदार्थ कोणते, मग त्यांची सूत्रं, मग सूत्रांना हात नाही, मग आकडे.

चकत्यांचीही एक अडचण नोंदवायला हवी. त्या हातात असल्या की मुलं कागदावर विचार करायचं टाळतात. म्हणून काही तासिकांनंतर त्या डब्यात गेल्या आणि त्यांच्या जागी मोजणीचा साधा तक्ता आला: मूलद्रव्य, डावीकडे किती, उजवीकडे किती. अडल्यावरच डबा उघडायचा.

काय सुधारलं, काय राहिलं

नंतर तिला न बघितलेलं वाक्य दिलं: तापलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ नेली असता एफई₃ओ₄ आणि हायड्रोजन तयार होतात. तिने लिहिलं:

३एफई + ४एच₂ओ → एफई₃ओ₄ + ४एच₂

बरोबर. पण तिची शंका उत्तरापेक्षा मोलाची होती. लोहाची संयुजा २ किंवा ३, मग तिरकस गुणाकाराने हे सूत्र कसं येणार? येत नाही. त्या ऑक्साइडमध्ये दोन्ही प्रकारचं लोह एकत्र असतं. असं सूत्र मुलांना देऊनच टाकावं. तिरकस गुणाकाराला मर्यादा आहेत हे शिक्षकाने लपवण्यात अर्थ नाही. तो एमजीओ साठी आधी एमजी₂ओ₂ देतो आणि मग आपण संक्षेप करतो. पण एच₂ओ₂ चा तसा संक्षेप चालत नाही, कारण तिथे रेणूच तेवढा आहे. हा मुद्दा मी तिच्यासमोर आपणहून काढला नाही. आठवीत तो विचारला गेला तर बोलावं, नाहीतर पुढे बघता येतं.

कंसाचा गोंधळ मात्र अजून पुरता सुटलेला नाही. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या समीकरणात,

सीए(ओएच)₂ + २एचसीएल → सीएसीएल₂ + २एच₂ओ

कंसाबाहेरचा २ ती कधी फक्त हायड्रोजनला लावते, ऑक्सिजन एकच मोजते. मग डावीकडे ऑक्सिजन १ आणि उजवीकडे २ दिसतात आणि ती उगाच आकडे हलवत बसते. तिच्याकडून कंस उघडून लिहून घेतो: ओएच, ओएच. चिन्हांतला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक हेही असंच एक दुखणं. मोठ्या ‘सी’नंतर लहान ‘ओ’ म्हणजे कोबाल्ट, मोठा ‘ओ’ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. तिचं अक्षर सुंदर आहे, पण घाईत दोन्ही ‘ओ’ सारखेच येतात.

तिचा अलीकडचा प्रश्न तांब्याचा. तिने स्वतःच एक समीकरण रचून आणलं होतं:

सीयू + २एचसीएल → सीयूसीएल₂ + एच₂

सूत्रं चारही बरोबर. दोन्ही बाजू सारख्या. तिला फक्त एवढंच हवं होतं, की हे घडतं का ते करून बघू. दोन परीक्षानळ्यांत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं, एकीत तांब्याची तार सोडली, दुसरीत जस्ताचा तुकडा. जस्ताभोवती बुडबुडे आले. तांब्याची तार होती तशीच राहिली. पुढची तासिका धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीवर घ्यायची, असं ठरलं. वर्गाच्या नियोजनात तो धडा बराच पुढे आहे, पण प्रश्न आता आला आहे.